पाळीव बीळ

टॅरँटुला पाळणाऱ्यांच्या जगात एक जुना विनोद आहे. जमिनीत बीळ करून राहणारी जात ज्याने पाळली त्याने कोळी पाळलेला नसून बीळ पाळलेले आहे, असे ही मंडळी म्हणतात. काचेची पेटी, तिच्यात वीतभर माती, मातीला एक भोक आणि त्या भोकाकडे टक लावून बसलेला एक प्रौढ, सुशिक्षित मनुष्य. विनोदाला एवढे साहित्य पुरते. २००९ सालापासून या चित्रातला मनुष्य मी आहे. विनोद मला मान्य आहे. किंबहुना तो विनोद नसून वस्तुस्थितीचे साधे वर्णन आहे, असे माझे मत होत चालले आहे.

आपल्या भाषेत 'पाळणे' हे क्रियापद मोठे विलक्षण आहे. आपण कुत्रा पाळतो, गाय पाळतो; आणि वचनही पाळतो, पथ्य पाळतो, व्रत पाळतो, सुतक पाळतो. पहिल्या प्रकारात समोर एक प्राणी असतो आणि तो आपल्याला काही ना काही देतो: दूध, राखण, निदान शेपटी हलवणे. दुसऱ्या प्रकारात समोर कोणीच नसते. जे असते ते फक्त आपल्या बाजूने असते, आणि ते मोडले तर बहुतेक वेळा कोणाला कळतही नाही. इतर भाषांत हे दोन अर्थ असे एकाच शब्दात नांदतात की नाही, हे भाषातज्ज्ञांनी सांगावे. माझ्या घरातला प्राणी मात्र या दोन अर्थांच्या सीमेवर राहतो, आणि वर्षातले बरेच महिने सीमेच्या पलीकडे असतो.

प्रथम थोडा परिचय. 'टॅरँटुला' हे नाव मुळात या प्राण्याचे नव्हेच. इटलीतल्या तारांतो नगराच्या आसपास आढळणाऱ्या एका वेगळ्याच कोळ्याचे ते नाव. त्याच्या दंशावर नाच हा उतारा आहे अशी तिथे समजूत होती आणि तारांतेल्ला हे नृत्य त्याच समजुतीशी जोडले जाते. पुढे युरोपीय लोक अमेरिका खंडात आले, त्यांना मोठाले केसाळ कोळी दिसले आणि घरचे नाव त्यांनी परक्याला चिकटवले. मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीने १७०५ साली सुरिनामच्या कीटकांवरील आपल्या ग्रंथात असा एक कोळी चिमुकल्या पक्ष्याला खाताना रंगवला. त्यावर बराच काळ अविश्वास दाखवला गेला, तरी लिनियसने १७५८ साली जातीला नाव देताना तो पक्षी नावात ठेवलाच. माझ्याकडची जात पक्षी वगैरे खात नाही. ती ॲरिझोनाच्या सोनोरा वाळवंटातली, शास्त्रीय नाव ॲफोनोपेल्मा काल्कोडीस. पाठीचे कवच फिकट सोनेरी, पोट काळपट तपकिरी, पाय पसरले तर माझ्या तळहाताएवढी. मादी आहे. मराठीत तिला 'कोळीण' म्हणावे तर डोळ्यांपुढे मासळीची पाटी येते, म्हणून या लेखात 'ती' एवढ्यावरच भागवतो.

टूसॉन शहरी राहायला येऊन मला दहा-अकरा वर्षे झाली होती, तेव्हा शेजारच्या बाई घर विकून मुलीकडे, थंड प्रदेशात, जायला निघाल्या. त्या प्राथमिक शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. ही मादी त्यांच्या वर्गात अनेक वर्षे होती आणि निवृत्तीनंतर घरी आली होती. ती त्यांच्याकडे आली तेव्हाच पूर्ण वाढलेली होती, त्यामुळे तिचे वय कोणालाच ठाऊक नाही. या जातीला वयात यायलाच आठ-दहा वर्षे लागतात आणि माद्या पंचवीस-तीस वर्षे जगतात असे म्हणतात. हिशेब वाचकांनीच करावा. बाईंनी माझीच निवड का केली असे विचारता त्या म्हणाल्या, "जमिनीला भोके पाडण्याचा पगार घेणारा माझ्या ओळखीत दुसरा कोणी नाही." माझा व्यवसाय भूजलाचा. बोलण्यात तथ्य होते.

शाळेतल्या पेटीत माती जेमतेम दोन बोटे होती. मुलांना प्राणी दिसला पाहिजे, हा त्यामागचा हेतू, आणि शाळेच्या दृष्टीने तो योग्यच म्हणायचा. बिचारी एका कौलाच्या तुकड्याखाली अंग चोरून बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसे. मी वाचन केले, चार जाणकारांना विचारले आणि मोठी पेटी आणली. तिच्यात चिकणमातीचा अंश असलेली माती किंचित ओलावून, दाबून, वीतभर उंच भरली. पेटीचे झाकण आणि माती यांत अंतर थोडेच ठेवले, कारण हे प्राणी काचेवर चढतात आणि उंचावरून पडले तर पोट फुटून मरतात. एका कोपऱ्यात अंगठ्याने खळगा करून दिला, पाण्याची वाटी ठेवली आणि तिला आत सोडले.

दोन दिवस ती पेटीच्या कडेकडेने फिरली. तिसऱ्या रात्री खणू लागली. तो सोहळा मी पहाटेपर्यंत पाहिला. सुळ्यांनी माती ओरबाडायची, तोंडाजवळच्या दोन आखूड अवयवांनी ती गोळा करायची, रेशमाने थोडी बांधायची, आणि तो गोळा तोंडात धरून वर येऊन पेटीच्या दुसऱ्या टोकाला टाकून द्यायचा. परत खाली. कुठेही घाई नाही, विसावा मात्र वारंवार. आठवड्याभरात बीळ तळाला टेकले आणि तिथे वळले. एका बाजूला ते काचेला लागून गेले होते. मला वाटले, चला, खिडकी मिळाली. पुढच्या आठवड्यात तिने त्या काचेला आतून रेशीम आणि माती लिंपून टाकली.

म्हणजे वर्षानुवर्षे दिसत असलेला प्राणी माझ्याकडे आल्यावर दिसेनासा झाला, आणि ती सोय मीच करून दिली होती. शिक्षिकाबाई पुढे फोनवर विचारीत, "काय करतेय?" मी सांगे, "कल्पना नाही." त्या खूश होत.

अगदीच दिसत नाही असे नाही. रात्री दहानंतर खोलीतले दिवे मालवून लाल दिवा लावला, तर बिळाच्या तोंडाशी पुढच्या दोन पायांची टोके दिसतात. कोळ्यांना लाल रंग फारसा जाणवत नाही. डोळे आठ असूनही दृष्टी बेताचीच. तिचे खरे जग कंपनांचे. बिळाच्या तोंडाभोवती तिने रेशमाची विरळ जाजम अंथरली आहे, आणि त्यावर काही चालले की ते तिला पायांतून कळते. पंधरवड्यातून एकदा मी एक रातकिडा सोडतो. तो बिळापासून दूर असेपर्यंत पायांची टोके निश्चल असतात. त्याचा पाय रेशमाला लागला की पुढचे काही दिसतच नाही. रातकिडा असतो आणि मग नसतो. मधली क्रिया मी इतक्या वर्षांत एकदाही नीट पाहिलेली नाही. दिवसा ती तोंडावर चार धाग्यांचा पडदा ओढून घेते. कधीकधी महिनोनमहिने खात नाही, आणि त्याने तिचे काही बिघडत नाही. आमच्या घरात जेवणावरून रुसण्याची परंपरा असल्यामुळे हे पचवायला मला वेळ लागला.

हात लावण्याचा प्रश्नच नाही. चावण्यापेक्षा तिचे केस त्रासदायक. घाबरली तर मागच्या पायांनी पोटावरचे सूक्ष्म, काटेरी केस हवेत उडवते. ते त्वचेला लागले तर खाज सुटते आणि डोळ्यांत गेले तर डॉक्टर गाठावा लागतो. लोक मला विचारतात, ती तुम्हांला ओळखते का? नाही. माझे अस्तित्व तिच्या लेखी एक विशिष्ट प्रकारचे हादरे आहे, तेही असलेच तर.

२०१२ साली आई वाईहून सहा महिन्यांसाठी आली. पेटी पाहून ती किंचाळेल अशी घरात सर्वांची अटकळ होती. तिने चष्मा लावला, भोक न्याहाळले आणि विचारले, "आत आहे नक्की?" मी हो म्हटले. "मग राहू दे. तुला कशाला दिसायला हवी?" श्रावण लागला होता. टूसॉनलाही जुलै-ऑगस्टात पाऊस येतो आणि इथले लोक त्याला मान्सूनच म्हणतात; फक्त पहिल्या सरीला मातीचा वास न येता क्रिओसोट नावाच्या झुडपाचा उग्र, औषधी वास येतो. आईला तो वास शेवटपर्यंत आवडला नाही. नागपंचमीच्या दिवशी मी पेटीतली वरची बुरशी लागलेली माती काढायला चमचा घेतला, तर तिने मला अडवले. "आज खणायचं नाही. आज चिरायचं नाही, तळायचं नाही, आणि खणायचं तर मुळीच नाही." मी म्हणालो, हा नाग नव्हे, कोळी आहे. "बिळातलं आहे ना? झालं तर."

मग ती बराच वेळ वारुळाला जाण्याविषयी बोलत राहिली. तिच्या माहेरी पंचमीला बायका वारुळाला जात, लाह्या-दूध ठेवीत, फेर धरीत, आणि नाग कोणालाही दिसत नसे. दिसावा अशी कोणाची इच्छाही नसे. बत्तीस शिराळ्याला जिवंत नाग पकडून मिरवीत, त्याचे तिला कधीच कौतुक वाटले नाही; पुढे न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले तेव्हा तिने मला मुद्दाम फोनवर सांगितले होते. पूजा वारुळाची. आत कोण आहे, आहे की नाही, हा वारुळाचा प्रश्न. परत गेल्यावर फोनवर ती नेमाने चौकशी करी, "तुझी ती बिळातली काय म्हणते?" शेवटच्या दिवसांतही विचारले. ते दिवस २०२१च्या एप्रिलमधले. मला जाणे जमले नाही, आणि अखेरचे दोन दिवस मी तिला भाच्याने धरलेल्या फोनच्या पडद्यावर पाहिले.

असो.

२०२३च्या ऑक्टोबरात तिने बिळाचे तोंड बंद केले. चार धाग्यांचा पडदा नव्हे. माती आणि रेशीम यांचे पक्के बूच, आजूबाजूच्या जमिनीशी इतके एकजीव की ठाऊक नसलेल्याला तिथे बीळ होते हे सांगूनही पटू नये. यात नवल नव्हते. हिवाळ्यात ही जात असे करतेच; बाहेर डोंगरात तिच्या बहिणी तेच करीत असतात. मार्चमध्ये तोंड उघडते, फार तर एप्रिलमध्ये. एप्रिल गेला, मे गेला. मी कोपऱ्यातल्या मातीत थोडे पाणी सोडीत राहिलो, वाटी भरीत राहिलो. जूनमध्ये टूसॉनचा पारा त्रेचाळीस अंशांवर गेला आणि बूच तसेच.

अशा वेळी दोनच शक्यता असतात. एक, ती कात टाकण्याच्या तयारीत आहे. टॅरँटुला कात टाकताना पाठीवर उताणा होतो आणि तासन्‌तास तसाच पडून जुन्या कवचातून एकेक पाय उपसून काढतो. पाय, सुळे, इतकेच नव्हे तर जठराचे अस्तरसुद्धा बदलते. त्या वेळी त्याचे अंग लोण्यासारखे मऊ असते. धक्का लागला, माती ढासळली, तर खेळ संपला. दुसरी शक्यता, ती मेली आहे. वय पाहता ही शक्यता लहान नव्हती. मेलेल्या टॅरँटुलाला दुर्गंधी येते असे अनुभवी लोक सांगतात, म्हणून दर रविवारी मी झाकण उघडून मातीचा वास घेत असे. मातीचाच वास येई. पण वीतभर मातीखालचा वास वर येईलच याची खात्री कोणी द्यावी?

माझा मुलगा इथेच वाढलेला, अभियंता, आणि अनिश्चितता ही सोडवायची गोष्ट आहे असे मानणारा. त्याने नळीत सरकवायचा, बोरूएवढ्या जाडीचा कॅमेरा मागवला. "बाबा, बुचाला छोटं भोक पाडू, कॅमेरा आत घालू, दोन मिनिटांत कळेल." मी नाही म्हणालो. त्याचा पुढचा प्रश्न रास्त होता. "मेली असेल तर? तुम्ही थडग्याला पाणी घालताय." मी म्हटले, मेली असेल तर कॅमेऱ्याने ती जिवंत होणार नाही, आणि जिवंत असेल तर मरू शकेल. "पण आपल्याला कळेल तरी!" कोणाला, आणि कशासाठी, हे विचारण्याच्या बेतात मी होतो, पण मग वादाचा सूर चढला असता. मी एवढेच सांगितले की पडद्यावर पाहून काय कळते ते मी एकदा पाहिले आहे. तो गप्प झाला. तेव्हा भाच्याच्या मागे, खोलीच्या दारात तोही उभा होता, दुसऱ्या एका फोनच्या चौकटीत.

त्याच्या मुद्द्यात बळ नव्हते असे मी म्हणणार नाही. माझा सारा व्यवसाय न दिसणाऱ्या गोष्टीविषयी कळून घेण्याचा होता. पाणी किती खोल आहे हे विहिरीत दोरी सोडूनच कळते. श्रद्धेने कळत नाही. पण भूजलाच्या कामात एक शिस्त लवकर शिकवतात: निरीक्षणासाठी पाडलेले भोक पाण्याचा मार्गच बदलू शकते, तेव्हा प्रत्येक भोकाचे समर्थन द्यावे लागते. कुतूहल हे समर्थन तिथे चालत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या एका संशोधनाची हकीकत त्या उन्हाळ्यात मी पुन्हा वाचली. बार्बरा यॉर्क मेन या विदुषीने १९७४ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नॉर्थ बंगला या राखीव क्षेत्रात झडपेचे बीळ करणाऱ्या कोळ्यांच्या एका जातीचा अभ्यास सुरू केला. प्रत्येक बिळाशेजारी क्रमांकाची खूण रोवली. या जातीतली मादी एकदा बीळ केले की आयुष्यभर ते सोडत नाही, आणि एकीच्या बिळात दुसरी राहायला येत नाही. म्हणून बीळ शाबूत असेल तर आत तीच आहे, असे धरून चालता येते. म्हणजे विज्ञानानेही दशकानुदशके बीळच पाहिले. त्यांतली सोळा क्रमांकाची मादी त्रेचाळीस वर्षे जगली. ज्ञात कोळ्यांत इतके कोणी जगल्याची नोंद नव्हती. २०१६ साली बाईंच्या सहकारी संशोधिका लीअँडा मेसन तिथे गेल्या तेव्हा झडपेच्या झाकणाला भोक पडलेले होते. परोपजीवी गांधीलमाशी आत शिरली होती. निबंध २०१८ साली प्रसिद्ध झाला आणि पुढच्या वर्षी यॉर्क मेनही गेल्या. मला या हकिकतीत वयाच्या विक्रमापेक्षा त्या खुणेच्या खुंट्यांचे अप्रूप वाटते. बाई वर्षानुवर्षे येत, झाकण पाहत, नोंद करीत आणि निघून जात.

आता एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे, कारण तो माझा स्वतःचाच आहे. इतका बिळाचा मान राखायचा तर मुळात पेटीत कोंडावे कशाला? पावसाळ्याच्या सुरुवातीला या जातीचे नर आपापली बिळे कायमची सोडून माद्यांच्या शोधात निघतात. रस्त्यांवरून, अंगणांतून चालत जाताना दिसतात. त्यानंतर ते फार काळ जगत नाहीत. एका वर्षी असा एक नर आमच्या ओसरीवर, ज्या खोलीत पेटी आहे तिच्या दाराशी आला. त्याला आतला सुगावा लागला होता की तो योगायोग होता, हे मी ठरवू शकत नाही. मी त्याला कागदावर घेऊन भिंतीपलीकडे सोडले. त्या रात्री मला पेटीकडे पाहवले नाही. आता तिला मोकळे सोडणे हाही उपाय नव्हे. ती मुळात कुठल्या टेकडीवरची हे कोणास ठाऊक, आणि वर्षानुवर्षे पेटीत राहिलेला प्राणी सोबत कोणता रोग बाहेर नेईल हे सांगता येत नाही. या आक्षेपाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. नवीन प्राणी मी आणणार नाही, एवढेच.

आपल्याकडच्या वाचकांसाठी आणखी एक सांगणे. सह्याद्रीतही बिळात राहणारे टॅरँटुला आहेत. २०१४ साली झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांनी तर एका नव्या प्रजातिगटाला सह्याद्रीचेच नाव दिले. आंध्रातल्या गुत्तीचा निळा टॅरँटुला, तो बिळातला नव्हे, झाडावरचा, पोकॉकने १८९९ साली वर्णिला आणि मग शतकभर कोणाला दिसलाच नाही. २००१ साली तो पुन्हा सापडला. आज तो निसर्गात अतिसंकटग्रस्त आहे आणि युरोप-अमेरिकेतल्या छांदिष्टांच्या पेट्यांतून मुबलक. २०१९ साली त्याच्या साऱ्या गोतावळ्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. पहिली जोडी देशाबाहेर कशी गेली असेल, हे या छंदातले लोक एकमेकांना विचारीत नाहीत. तेव्हा भटकंतीत रेशमाचे अस्तर असलेले बीळ दिसले तर बसून पाहावे. काडी घालू नये.

२०२४च्या जुलैअखेर, तीन दिवस सलग पाऊस झाल्यावर, सकाळी बुचाच्या जागी भोक होते. शेजारी मातीवर तिची कात पडली होती, चुरगाळलेल्या हातमोज्यासारखी. ती मी पाण्यात भिजवून, चिमट्याने उलगडून टाचणीवर ताणली. आठही पाय, सुळे, पाठीचे कवच, सारे जागच्या जागी. मुलगा पाहायला आला. बराच वेळ पाहून म्हणाला, "म्हणजे मेमध्ये आपण आत गेलो असतो तर..." आणि पुढचे वाक्य त्याने सोडून दिले. रात्री लाल दिव्यात पायांची दोन टोके दिसली, नव्या केसांची, अधिक गडद. मी रातकिडा सोडला नाही. कात टाकल्यावर सुळे कडक व्हायला दोन आठवडे तरी द्यावे लागतात.

माझे वय एकसष्ट. ती आणखी दहा वर्षे जगेल की उद्या जाईल हे सांगता येत नाही, माझेही तेच; म्हणून पेटीमागे एक कागद चिकटवून ठेवला आहे. पाणी किती, कुठे सोडायचे, रातकिडा केव्हा, आणि बूच लागले तर काय करायचे नाही, एवढेच त्यात आहे. मुलाने तो वाचला, खाली इंग्रजीत भाषांतर लिहिले आणि शेवटची सूचना दोनदा अधोरेखित केली. कॅमेरा त्याने परत पाठवला नाही. मोरीची नळी तुंबली होती, तिथे तो चांगला उपयोगी पडला.